पाळण्यातले पाय मोजताना : बेसबॉल संघाच्या फार्म सिस्टीममधल्या पोरांची यादी कशी लावायची

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी टोरोंटो ब्लू जेज या बेसबॉल संघाच्या फार्म सिस्टीममधल्या, म्हणजे मुख्य संघासाठी खालच्या संघांत घडवल्या जाणाऱ्या, तीस खेळाडूंची यादी केली, तेव्हा ट्रे येसाव्हेज हा पिचर (चेंडू टाकणारा) चौथा होता. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्यात) विसावा निवडलेला, ईस्ट कॅरोलायना विद्यापीठातून आलेला, आणि तोवर व्यावसायिक सामन्यात एकही चेंडू न टाकलेला. पुढच्या वसंतात तो डनीडनला, म्हणजे चार पायऱ्यांतल्या सगळ्यात खालच्या पायरीवर लागला. त्या एका मोसमात चारही पायऱ्या चढून १५ सप्टेंबरला तो मोठ्या संघातून खेळला. २४ ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेच्या, पहिल्या सामन्याची सुरुवात त्यानेच केली आणि २९ तारखेला लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सचे बारा बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद) केले. वर्ल्ड सिरीजच्या एका सामन्यात इतके स्ट्राइकआउट कुठल्याही नवख्या पिचरने त्याआधी केले नव्हते. आणि माझ्या यादीत चौथा!

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. दिसतात, पण ते पाय कुठवर चालतील हे पाळण्याकडे बघून सांगायचं म्हणजे पंचाईत असते. मी मिसिसागात राहतो, गेली दहा-बारा वर्षं हा उद्योग करतो, आणि तिघा मित्रांत दर हिवाळ्याला या यादीवरून भांडणं होतात. त्यातून हाती लागलेली पद्धत इथे मांडतो. उदाहरणं ब्लू जेजची आहेत, कारण तोच संघ मी जवळून बघतो. पद्धत कुठल्याही संघाला चालेल.

आधी शिडी समजून घ्या

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाचा पहिला घोटाळा इथेच होतो. रणजीत मुंबई किंवा विदर्भ करंडकासाठी खेळतात. मायनर लीगमधला, म्हणजे मुख्य मेजर लीगखालच्या पायऱ्यांवरचा, बफेलोचा संघ जिंकला काय, हरला काय, टोरोंटोच्या कचेरीत कुणाची झोप उडत नाही. तिथले खेळाडू टोरोंटोच्या कराराचे असतात आणि तिथे ते शिकायला असतात. एखाद्या पिचरला ‘आज नवा चेंज-अपच (फसवा हळू चेंडू) टाकायचा, मार पडला तरी चालेल’ असं सांगून उतरवलं जातं. धावफलक वाचताना हे विसरलात तर पुढचं सगळं चुकलं.

मेजर लीगमध्ये ३० संघ. २०२१ मध्ये मायनर लीगची फेररचना झाली, तेव्हापासून प्रत्येक संघाकडे पूर्ण मोसम खेळणारे चार संघ, असे एकूण १२० संघ आहेत. ब्लू जेजची शिडी खालून वर अशी : सिंगल-ए डनीडन (फ्लोरिडा), हाय-ए व्हँकूव्हर, डबल-ए न्यू हॅम्पशर, ट्रिपल-ए बफेलो. याच्याही खाली फ्लोरिडातल्या प्रशिक्षण केंद्रावरची लीग आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातली उन्हाळी लीग. तिथे सतरा-अठरा वर्षांची पोरं खेळतात. २०२४ पासून डॉमिनिकन लीग सोडून बाकी सगळीकडे मिळून एका संघाला १६५ खेळाडू ठेवता येतात. तुमची तीसची यादी या गर्दीतून निघणार आहे.

आता या पोरांना इतकं मोल का? मेजर लीगमध्ये आल्यावर साधारण सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू त्याच संघाच्या ताब्यात असतो, आणि पहिली तीनेक वर्षं किमान पगाराच्या आसपास खेळतो. २०२५ मध्ये तो किमान पगार ७,६०,००० डॉलर होता. तोच खेळ मोकळ्या बाजारातून विकत घ्यायचा तर कोट्यवधी डॉलर मोजावे लागतात. म्हणून यादी करताना विचारायचा प्रश्न एकच : या संघाच्या ताब्यातली पुढची सहा वर्षं हा पोरगा काय देईल? यंदा त्याने किती मारले हा नुसता पुरावा आहे.

पायरी १ : कोण यादीत बसतं?

नियम सोपा आहे. मेजर लीगमध्ये १३० अॅट-बॅट (मोजल्या जाणाऱ्या बॅटिंगच्या पाळ्या), किंवा पिचर असेल तर ५० इनिंग्ज (एका सामन्यात प्रत्येक संघाच्या नऊ असतात), किंवा संघाच्या सक्रिय चमूत ४५ दिवस, यातलं काहीही ओलांडलं की तो नवखा उरत नाही, यादीतून बाद. पोस्टसीझनचे, म्हणजे नियमित मोसमानंतरचे बाद फेरीचे, सामने यात धरत नाहीत. त्यामुळे गंमत अशी झाली की येसाव्हेजने नियमित मोसमात तीन सामन्यांत १४ इनिंग्ज टाकल्या, मग अख्खा ऑक्टोबर गाजवला, आणि तरी २०२६ च्या यादीसाठी तो कागदोपत्री प्रॉस्पेक्टच (होतकरूच) राहिला. माझ्या एका मित्राचं म्हणणं, वर्ल्ड सिरीज खेळलेल्याला कसला प्रॉस्पेक्ट म्हणायचा. मी म्हणतो नियम तो नियम. एकदा ‘हा आता मोठा झाला’ म्हणून हाताने वगळायला लागलात की दर वर्षी यादीची मापं बदलतात आणि मागच्या यादीशी ताडून बघता येत नाही.

सगळी नावं एका तक्त्यात उतरवा. जन्मतारीख, जागा, कुठल्या हाताने खेळतो, कसा आला, यंदा कुठल्या पायरीवर होता. कसा आला म्हणजे ड्राफ्टमधून कितव्या फेरीत, परदेशातून सोळाव्या-सतराव्या वर्षी करार करून, की दुसऱ्या संघाकडून अदलाबदलीत. जन्मतारखेचा रकाना अजिबात वगळू नका. सगळ्यात जास्त काम तोच करतो.

पायरी २ : वय आणि पायरी एकत्र वाचा

ढोबळमानाने सिंगल-एचा सरासरी खेळाडू विशीच्या किंचित पुढे, हाय-एचा बाविशीत, डबल-एचा तेवीस-चोवीसचा आणि ट्रिपल-एचा सव्विशीतला. चोवीस वर्षांच्या कॉलेजवाल्याने डनीडनला पोरासोरांची धुलाई केली तर टाळ्या वाजवा आणि पुढच्या ओळीवर जा. एकोणीस वर्षांच्या पोराने हाय-एमध्ये नुसतं तगून दाखवलं तरी थांबून बघायचं.

अर्जुन निम्माला हे याचं माझ्या डोळ्यांसमोरचं उदाहरण. आई-वडील भारतातून गेलेले, पोरगा फ्लोरिडात वाढला, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये ब्लू जेजने त्याला विसावा घेतला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. जन्म ऑक्टोबर २००५ चा. २०२४ मध्ये डनीडनला त्याची सुरुवात इतकी वाईट झाली की संघाने त्याला सामन्यांतून काढून काही आठवडे प्रशिक्षण केंद्रावर नेऊन बसवलं. परत आला तो चेंडू कुंपणापार टाकतच. २०२५ मध्ये व्हँकूव्हरला सुरुवात झकास, उन्हाळ्यात घसरण. मोसमाची बेरीज पाहिली तर आकडे बेताचे. पण त्या अख्ख्या मोसमात तो एकोणीस वर्षांचा होता, आणि त्याला चेंडू टाकणारे बहुतेक कॉलेज करून आलेले बाप्ये होते. हे न बघता नुसती सरासरी बघणारा त्याला विसाव्या क्रमांकावर टाकेल.

वयाचं हे माप उलटंही चालतं. विशीचा पोरगा पुढे आहे म्हणून तो कायम पुढेच राहील असं नाही. काहींची वाढ लवकर होते, सोळाव्या वर्षीच दाढीमिशा आणि खांदे. मग बाकीचे गाठतात.

पायरी ३ : आकडे वाचा, पण क्रमाने

बॅटिंगची सरासरी शेवटी बघा. थोड्या सामन्यांत सगळ्यात जास्त खोटं बोलणारा आकडा तोच. सगळ्यात लवकर स्थिर होतो तो स्ट्राइकआउटचा दर, मग वॉकचा (चार चेंडू स्ट्राइकच्या चौकटीबाहेर पडले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस, म्हणजे धावेच्या चार टप्प्यांतला पहिला), मग जोरदार फटक्यांचा. चेंडू क्षेत्ररक्षकांच्या मधून जातो की हातात, हे एका मोसमात नशिबाचंही असतं.

बॅटरसाठी माझा क्रम : शंभर पाळ्यांत किती वेळा स्ट्राइकआउट, किती वेळा वॉक, आणि एकूण फटक्यांत एका बेसच्या पुढे नेणारे किती. डबल-एमध्ये शंभरात तीस-बत्तीस वेळा स्ट्राइकआउट होणारा पोरगा वर गेल्यावर पस्तिसाला टेकतो, आणि मग ताकद कितीही असली तरी बाकावर बसतो. पिचरसाठी स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची टक्केवारी वजा करा. हा एकच आकडा ईआरएपेक्षा (पिचरच्या नावावर नऊ इनिंग्जमागे लागणाऱ्या धावा) पुढचं जास्त सांगतो. येसाव्हेजचे २०२५ चे मायनरमधले आकडे ९८ इनिंग्जमध्ये १६० स्ट्राइकआउट असे होते. त्याचा ईआरए मात्र तीनच्या वर होता. नुसता ईआरए बघणाऱ्याला हा पोरगा दिसलाच नसता.

वेगवेगळ्या लीगमधले बॅटर एका मापात आणायला डब्ल्यूआरसी-प्लस वापरा. १०० म्हणजे त्या लीगचा सरासरी बॅटर, १३० म्हणजे सरासरीपेक्षा तीस टक्के सरस. पण लीग आणि मैदान यांचा स्वभाव तरीही डोक्यात ठेवावाच लागतो. पॅसिफिक कोस्ट लीगमधली रीनो आणि अल्बुकर्की ही गावं समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास, हवा विरळ, त्यामुळे चेंडू पतंगासारखा जातो. फ्लोरिडा स्टेट लीग दमट, मैदानं मोठी, तिथे पिचरची चांदी. व्हँकूव्हरला एप्रिलच्या थंड रात्री चेंडू जड होतो. म्हणून घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढून बघायचे, दहा मिनिटांचं काम आहे.

डॉमिनिकन लीगच्या आकड्यांना फार भुलू नका. तिथल्या पिचरांना स्ट्राइक टाकणंच जमत नसतं, त्यामुळे सगळ्यांचेच वॉक फुगलेले असतात. ‘याची नजर काय तयार आहे!’ म्हणून मी तिथल्या दोन पोरांना एकदा पहिल्या दहात घातलं होतं. दोघांची नावं आता मलाही आठवत नाहीत.

ट्रिपल-एचा मात्र एक फायदा आहे. २०२३ पासून तिथे प्रत्येक चेंडूचं यंत्राने केलेलं मोजमाप सगळ्यांना उपलब्ध आहे : चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला, पिचरच्या चेंडूने किती वळण घेतलं, सगळं. बॅटवरून ताशी ९५ मैल किंवा त्याहून जास्त वेगाने सुटलेला चेंडू जोरदार धरतात. त्याच वर्षापासून स्ट्राइक-बॉल ठरवायलाही तिथे यंत्र आलं आणि वॉक वाढले, तेव्हा बफेलोचे वॉक न्यू हॅम्पशरच्या वॉकशी थेट ताडू नका.

पायरी ४ : डोळ्यांनी बघा, हातात घड्याळ घेऊन

मिसिसागाहून बफेलो दोन तासांवर. सीमेवरच्या पीस ब्रिजवर गर्दी नसेल तर, नाहीतर अडीच. डाउनटाउनमध्ये सेलेन फील्ड हे मैदान. होम प्लेटच्या (बॅटर उभा असतो त्या जागेच्या) मागे, पण किंचित पहिल्या बेसच्या बाजूला जागा घ्यायची, म्हणजे पिचरचा हात, बॅटरचे पाय आणि पहिला बेस असं तिन्ही दिसतं. गेल्या ऑगस्टमधल्या एका सामन्यात माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, हातात साधं स्टॉपवॉच. मी फोनवर वेळ घेत होतो. दोन-तीन बॅटर झाल्यावर ते म्हणाले, तुझा अंगठा उशिरा पडतोय. मी बॅटर पळायला लागला की बटण दाबत होतो. दाबायचं ते बॅट-चेंडूच्या आवाजावर, आणि थांबवायचं पाय बेसला लागला की. तेवढ्याने माझ्या वेळा दोन दशांशाने बदलल्या, आणि दोन दशांश म्हणजे साधा पळणारा आणि हरीण यांच्यातलं अंतर.

उजव्या बाजूने खेळणारा बॅटर साधारण ४.३ सेकंदांत पहिल्या बेसला पोचला तर मेजर लीगच्या मापाने सरासरी. डावरा बेसच्या जवळ उभा असतो, त्याला ४.२. कॅचरची (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याची) वेळ वेगळी घेतात : चेंडू ग्लव्हमध्ये पडल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये पडेपर्यंत. २.० सरासरी, १.९ म्हणजे लोक बेस चोरायला, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पळून पुढचा बेस गाठायला, बिचकतात.

घड्याळात न मावणारंही बरंच दिसतं. मी बॅटरचा पुढचा गुडघा बघतो. वेगवान चेंडूची वाट बघणाऱ्याला हळू चेंज-अप आला की कच्च्याचा गुडघा आधीच पुढे पडतो, ढुंगण मागे राहतं आणि बॅट एका हाताने फिरते. पक्क्याचा गुडघा थांबतो. फटका लागला नाही तरी थांबतो. त्या ऑगस्टमध्ये एक पोरगा चारही वेळा बाद झाला, धावफलकावर शून्य. पण चौथ्या वेळी त्याच पिचरच्या त्याच चेंज-अपला त्याचा गुडघा थांबला होता. मी वहीत त्याच्या नावापुढे एक टिंब दिलं.

प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर मायनर लीगचे सामने पैसे भरून इंटरनेटवर दिसतात. कॅमेरा बहुधा मधल्या मैदानातून असतो, पिचर बघायला छान, क्षेत्ररक्षण बघायला निरुपयोगी.

पायरी ५ : २० ते ८० ची मोजपट्टी

जे पाहिलं ते आकड्यात उतरवायला स्काउट मंडळी (संघांसाठी खेळाडू हेरणारे) २० ते ८० ची मोजपट्टी वापरतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी. प्रत्येक दहा गुण म्हणजे सरासरीपासून एक प्रमाण विचलन. त्यामुळे ६० म्हणजे ठळकपणे चांगला, ७० दुर्मिळ, आणि ८० असे प्रत्येक गुणात सबंध लीगमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बॅटरचे पाच गुण : चेंडूला बॅट लावणं, ताकद, वेग, क्षेत्ररक्षण, फेक. पिचरच्या प्रत्येक प्रकारच्या चेंडूला वेगळा गुण, शिवाय चेंडू हवा तिथे टाकण्याला एक.

प्रत्येक गुणाचे दोन आकडे लिहा : आज किती आणि पुढे किती होऊ शकेल. निम्मालाच्या ताकदीला मी आज ५०, पुढे ६० लिहितो. बॅट लावण्याला आज ३०, पुढे ४५. सगळा वाद त्या ४५ वर आहे. तो ४० निघाला तर ताकद बाहेर पडायला संधीच मिळणार नाही.

नवशिक्याची खोड म्हणजे सगळ्यांना ५५ आणि ६० वाटणं. आपल्या शाळेत प्रत्येक आईला आपलं पोरगं हुशारच वाटतं, तसं. लक्षात ठेवा, ५० ही शिवी नाही. जगातल्या सर्वोत्तम लीगमधला सरासरी माणूस म्हणजे फारच मोठा खेळाडू. तुमच्या यादीतल्या निम्म्या पोरांच्या बहुतेक रकान्यांत ४० आणि ४५ दिसत नसतील तर तुम्ही मोजत नसून कौतुक करताय.

पायरी ६ : जागा कुठली?

शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) आणि कॅचर सगळ्यात अवघड जागा, म्हणून तिथे बेताची बॅटिंग खपते. पहिला बेस सगळ्यात सोपी, तिथे तुफान मारता आलंच पाहिजे. मेजर लीगचे कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या बेसवाले मायनरमध्ये शॉर्टस्टॉप होते. शिडी एकाच दिशेने उतरते : शॉर्टस्टॉपचा तिसऱ्या बेसवाला होतो, उलटं क्वचित. तेव्हा विचारा, पंचविशीत अंग भरल्यावर हा पोरगा तिथेच टिकेल का? बाविसाव्या वर्षीच पहिल्या बेसवर असलेल्या पोराला उतरायला खाली पायरीच उरलेली नसते.

पायरी ७ : पिचर म्हणजे कोपर

‘पिचिंग प्रॉस्पेक्ट नावाची चीजच अस्तित्वात नाही’ असा इथल्या शौकिनांत एक जुना विनोद आहे. ब्लू जेजचं २०२४ साल घ्या. ब्रँडन बॅरिएरा, २०२२ चा पहिल्या फेरीतला डावरा, एप्रिलमध्ये कोपराची शस्त्रक्रिया. रिकी टीडमन, आदल्या दोन वर्षांतला संघाचा सगळ्यात लाडका पिचर, तोही डावरा, जुलैच्या शेवटी कोपराची शस्त्रक्रिया. ज्याला टॉमी जॉन म्हणतात ती. परतायला वर्ष ते दीड वर्ष. तुमच्या यादीतले वरचे दोन पिचर एका उन्हाळ्यात असे बसू शकतात.

म्हणून मी एकाच दर्जाचे बॅटर आणि पिचर समोर आले तर डोळे मिटून बॅटर वर ठेवतो. येसाव्हेज चौथा राहण्यामागे हेही एक कारण होतं, आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

पिचरबाबत दुसरा प्रश्न : हा सामना सुरू करणारा होईल की शेवटच्या एक-दोन इनिंग्जपुरता? सुरू करणाऱ्याला तेच बॅटर दोन-तीनदा भेटतात, तेव्हा तिसरा भरवशाचा चेंडू लागतो, वॉक कमी लागतात आणि वर्षाला दीडशे इनिंग्ज सोसणारं शरीर लागतं. वेगवान चेंडू आज मेजर लीगमध्ये सरासरी ताशी ९४ मैलांच्या, म्हणजे १५१ किलोमीटरच्या आसपास आहे. ९८ टाकणारा पण दुसरा काही न जमणारा पोरगा मायनरमध्ये देव वाटतो. वर गेल्यावर तो सातव्या इनिंगमधला माणूस होतो. वाईट नाही, पण यादीत त्याची जागा पंधरानंतर.

पायरी ८ : एक आकडा, मग गट, मग क्रमांक

आता प्रत्येकाला एकच अंतिम आकडा द्या, त्याच २० ते ८० मध्ये. ६० म्हणजे ऑल-स्टारच्या (वर्षातल्या निवडक सर्वोत्तमांच्या) तोडीचा, ५० म्हणजे रोजचा पक्का खेळाडू, ४५ म्हणजे अर्धवेळ खेळणारा किंवा शेवटच्या क्रमांकाचा सुरुवातीचा पिचर, ४० म्हणजे राखीव. या आकड्यात चारही गोष्टी मुरलेल्या हव्यात : सगळं जमलं तर कुठवर, काहीच नाही जमलं तर काय उरेल, दोन्हींची शक्यता किती, आणि अजून किती वर्षं.

शेवटच्या दोन गोष्टीच लोक गाळतात. बफेलोतला पंचवीस वर्षांचा, पाच जागी खेळू शकणारा, उद्या बोलावलं तर बाकावर बसायला तयार असा पोरगा घ्या. त्याच्यासमोर डॉमिनिकनमधला सतरा वर्षांचा, लाखो डॉलरच्या बोनसवर आणलेला, ६० होऊ शकेल असा. पहिला जवळजवळ नक्की ४०. दुसरा दहात एकदा ६०, आणि बहुतेक वेळा शून्य. मी दुसऱ्याला वर ठेवतो, कारण ४० च्या दर्जाची माणसं दर हिवाळ्यात किमान पगारात मिळतात, ६० ची मिळत नाहीत. पण फार वर नाही. बारावा आणि अठरावा, असं काहीतरी.

आकडे दिले की लगेच १ ते ३० लावायला बसू नका. आधी गट पाडा. चांगल्या सिस्टीममध्येही ५५ च्या वरचे एक-दोन, ५० चे तीन-चार, ४५ चे सात-आठ आणि मग ४० ची लांबलचक रांग असते. सातवा आणि चौदावा एकाच गटात असतील तर त्यांच्यात खरा फरक नसतोच, आणि चौथा व पाचवा वेगळ्या गटांत असतील तर तिथे दरी असते. क्रमांकांत हे दिसत नाही, म्हणून यादी छापताना मी गटांमध्ये रेघ मारतो.

गटातल्या गटात क्रम लावायला जोड्या लावा. प्रश्न असा : समोरच्या संघाचा फोन आला, ‘तुझा अमुक दे, माझ्याकडे अगदी तुझ्या तमुकसारखाच एक आहे, तो घे’, तर द्याल का? पटकन हो आलं तर क्रम ठरला. तोंड वेडावाकडं झालं तर ते दोघं शेजारी-शेजारी.

पायरी ९ : बाजार काय म्हणतो ते ऐका, पण थोडंच

संघ आपल्या पोरांना काय मोल देतो हे करार-मदार बघून कळतं. २०२५ च्या जुलैअखेर ब्लू जेजने शेन बीबर या मेजर लीगच्या पिचरसाठी, तोही कोपराच्या शस्त्रक्रियेतून नुकता उठलेला, खाल स्टीफन हा पिचर क्लीव्हलँडला दिला. आदल्याच वर्षीचा दुसऱ्या फेरीतला पोरगा. क्लीव्हलँडला पिचर ओळखता येतात हे सगळ्या लीगला ठाऊक आहे, तेव्हा त्यांनी तोच मागितला यातून माझ्या वहीतला त्याचा गुण बरोबर होता की कमी, हे कळलं. कमी होता.

ड्राफ्टची फेरी आणि बोनसची रक्कम ही पहिल्या दोन वर्षांत चांगली माहिती असते, कारण ती शेकडो तास बघितलेल्या स्काउटांनी ठरवलेली असते. नंतर तिचं वजन उतरवत न्या. व्लादिमीर गेरेरो ज्युनियरला २०१५ मध्ये ३९ लाख डॉलर दिले आणि ते वसूल झाले. होसे अल्तूवेला ह्यूस्टनने १५ हजारांत आणला. माइक पियाझा १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत गेला. दोघंही पुढे मोठे खेळाडू झाले. ब्लू जेजचाच गेज स्टॅनिफर २०२२ चा १९ व्या फेरीतला, आणि २०२५ मध्ये त्याने भल्याभल्यांना मागे टाकलं. तरीही त्याला वर घेताना माझा हात आखडला. ती फेरी डोक्यातून जात नाही.

नियमांचाही एक बाजार असतो. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेला खेळाडू पाच मोसमांनंतर, आणि त्याहून मोठा असेल तर चारनंतर, संघाने चाळीसच्या मुख्य यादीत घेतला नाही तर डिसेंबरच्या रूल ५ ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला एक लाख डॉलरमध्ये उचलू शकतो. नोव्हेंबरमध्ये संघ कुणाला वाचवतो हे बघा आणि मगच तुमची खालची दहा नावं पक्की करा.

पायरी १० : स्वतःचा कल लिहून ठेवा

निम्मालाच्या बाबतीत मी तटस्थ नाही. सबवेत जर्सीवर ते आडनाव दिसलं की बरं वाटतं. त्याच्याही आधी, २००८ मध्ये पिट्सबर्गने भारतातल्या रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल या आधी बेसबॉल कधी न पाहिलेल्या दोन पोरांना करारबद्ध केलं, त्यानंतरही मी त्यांचे सगळ्यात खालच्या लीगमधले आकडे रोज सकाळी बघायचो. म्हणून तक्त्यात एक रकाना आहे, ‘माझा कल’. निम्मालापुढे तिथे अधिक अर्धा लिहिलेलं आहे, आणि अंतिम आकड्यातून तो अर्धा मी वजा करतो. यंदा तेवढ्याने तो जोजो पार्करच्या खाली गेला. पार्कर २०२५ चा आठवा निवडलेला शॉर्टस्टॉप. यादी केली तेव्हा त्याच्या नावावर व्यावसायिक आकडे जवळजवळ नव्हतेच. उलटसुलट चर्चा खूप झाली, पण वजाबाकी ती वजाबाकी.

पायरी ११ : तारीख घाला, कारण लिहा, कुलूप लावा

माझी यादी ३० नोव्हेंबरला बंद होते. प्रत्येक नावापुढे एक वाक्य, जास्त नाही : हा इथे का आहे, आणि काय दिसलं तर मी मत बदलेन. मग ती दोघा मित्रांना पाठवतो, म्हणजे नंतर मला गुपचूप बदलता येत नाही. पुढच्या नोव्हेंबरला ती उघडायची आणि क्रमांकाआधी ते वाक्य वाचायचं. क्रमांक योगायोगानेही बरोबर येतो. कारण चूक असेल तर ते तसंच उघडं पडतं.

येसाव्हेजपुढचं २०२४ चं वाक्य असं होतं : ‘हात फार वरून येतो, जवळजवळ सात फुटांवरून चेंडू सुटतो, वरच्या पायरीवरचे बॅटर ओळखतील.’ चौथ्या क्रमांकाचं मला काही वाटत नाही. पण तो हात इतका वरून येतो म्हणूनच डॉजर्सना त्याचा स्प्लिटर (शेवटी खाली पडणारा चेंडू) दिसत नव्हता. त्याखाली मी आता लाल शाईने लिहून ठेवलंय, विचित्र दिसणाऱ्या पिचरला अर्धा गुण कमी करण्याआधी एकदा त्याच्यासमोर उभ्या असलेल्या बॅटरचा गुडघा बघ.